जिनं पाडलं ती

मुंबईच्या विमानतळावर आत जाताना माझे वडील, आण्णा, मागून मोठ्यानं म्हणाले, “खेळबिळ पुरे आता. तिकडं फक्त अभ्यास!” आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले. माझ्या बॅगेचं चाक निखळलं होतं, आई ते दाबून बसवत होती.

मी खरंच फक्त अभ्यासाला गेले होते. पण सिडनीहून लांबच्या मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत पहिल्याच आठवड्यात सगळे क्लब लॉनवर टेबलं मांडून बसलेले. मुलींच्या फुटी टीमला माणसं कमी पडत होती. कॅप्टननं विचारलं, “पळता येतं?” इस्लामपूरच्या शाळेत मी खो-खो खेळलेली. हो म्हणाले. फुटी म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, लांबोडका चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरचीनं अंगावर झेपावून पाडायचं, हे मैदानात उतरल्यावर कळलं.

पहिल्याच मॅचमध्ये पलीकडच्या टीमची टेस अंगावर आली. धिप्पाड, गव्हाच्या शेतावर वाढलेली मुलगी. कट्‌ असा आवाज झाला. तो माझ्याच आतून आला हे कळायलाही वेळ लागला. गळ्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं होतं. टेस वाकून “सॉरी, मेट” म्हणाली आणि चेंडूमागं पळत सुटली. मला बाहेर नेलं, खेळ पुन्हा सुरू. दुखण्यापेक्षा त्याचाच धक्का मोठा होता. आमच्याकडं गुडघा फुटला तरी निम्मी शाळा गोळा व्हायची.

संध्याकाळी हॉस्पिटलात डोळे उघडले तर चिखलाच्या बुटांनिशी टेस समोर.

“कोण जिंकलं?” मी विचारलं.

“आम्ही,” ती म्हणाली. मग माझ्या कमरेपर्यंतच्या, मातीनं चिकटलेल्या केसांकडं बघत, “हे कोण धुणार?”

कोण धुणार? माझा हात पट्टीत, आणि घरात सोबत राहणाऱ्या दोघी मैत्रिणी सारख्या कामाच्या शिफ्टला. म्हणून टेस यायला लागली. लाँड्रीच्या सिंकवर माझं डोकं वाकवून, मेंढीची लोकर धुवावी तसे केस धुवायची. अशाच एका दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आईला गळ्यातली पट्टी दिसली, मग माझ्या केसांतले ते गोरे हात.

“कोण गं ही?”

“जिनं मला पाडलं ती.”

आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. “जिनं हाड मोडलं तिच्याच हातात डोकं दिलंस?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिला सांग, ओले केस विंचरू नको म्हणावं. तुटतात.” आण्णा मात्र महिनाभर फोनवर आले नाहीत.

पदवीदान समारंभाला आई एकटीच आली. टेस घरी भेटायला आली, तर आईनं मराठीतच फर्मावलं, “बस खाली.” टेस बसली. आईनं वाटीत खोबरेल तेल घेतलं आणि तिच्या त्या आखूड, राठ केसांत जिरवायला लागली. थोड्या वेळानं टेसचे खांदे हलायला लागले. आई घाबरली. “जोरात ओढलं का मी? विचार ना तिला!”

मी विचारलं. माझं हाड मोडून मॅच पूर्ण करणारी ती मुलगी रडत होती.

“आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी असा हात लावला नाही,” ती म्हणाली. “मी तेव्हा अगदी लहान होते.”

मी ते आईला मराठीत सांगितलं. आईनं हात थांबवला नाही. वाटीतलं तेल संपेपर्यंत टेस उठली नाही.

आता मी सिडनीत, टूनगॅबीला राहते. आई फोनवर आधी टेसची चौकशी करते, मग माझी. तुम्ही तिकडचे विचारता, करमतं का. इथले विचारतात, घर कुठं. एका मुलीनं माझं हाड मोडलं तिथून माझं इथलं घर सुरू झालं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मलाही अजून पुरतं वाटलेलं नाही.