व्याह्यांचा डावा हात

माझे वडील पेणला भजन गात आणि माझे सासरे रोह्याला पखवाज वाजवत. हा योग पत्रिकेत कुणाला दिसला नव्हता. तो लग्नाच्या बोलणीत, मानपानाचा विषय निघायच्या आत उघडकीस आला आणि बाकीचं सगळं चहाबरोबर ठरून गेलं. तेव्हापासून पेणच्या आमच्या देवळात सप्ताह असला की पखवाजाला रोह्याचे व्याही, हे ठरलेलं.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे कॅसेट आडवी आली. रोह्याच्या घरी सत्यनारायण झाला, त्यानंतरचं भजन मी टू-इन-वनवर टेप केलं. वडिलांनी ती कॅसेट पेणला नेली, दोनतीनदा ऐकली आणि जाहीर केलं, "व्याह्यांचा डावा हात गेला. नुसती टिकटिक ऐकू येते. यंदा सप्त्याला दुसरा कुणी बघतो."

पखवाजाची डावी बाजू म्हणजे कणीक लावलेली बाजू. सगळा खोल घुमारा तिचा. निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण जावयाला कुणी मारत नाही. सासऱ्यांनी तो ऐकून घेतला आणि आपला डावा हात, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, उलटसुलट करून पाहिला. बोलल्या त्या सासूबाई.

"कणीक मी मळली व्हती," त्या म्हणाल्या. "कणकीला नाव ठेवायचं काम नाय."

माझा संशय टू-इन-वनवर होता. वाटीएवढ्या स्पीकरमधून असला घुमारा येणार कसा? आणि उपाय तर घरातच पडून होता. माझा मेव्हणा आखातातून कॅसेट डेक, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि एक सबवूफर घेऊन आला होता. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड आवाज काढणारी पेटी. तिचा स्वतःचा ॲम्प्लिफायर तिच्या पोटातच, म्हणून तिला विजेची वायरही वेगळी. ती जोडायच्या आत मेव्हण्याची रजा संपली, आणि सासूबाईंनी तिच्यावर विणलेला रुमाल घालून फुलदाणी ठेवली.

मी फुलदाणी उचलली आणि पुढच्या रविवारी वडिलांना रोह्याला बोलावलं. ते एसटीने आले. "मी ऐकायला आलोय, भांडायला नाय," असं उंबरठ्यावरच म्हणाले. म्हणजे भांडणाची तयारी वाटेत वडखळ यायच्या आतच झाली होती.

ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळी जागा नव्हती. स्पीकरच्या वायरी जिथे अडकवल्या होत्या, तिथूनच मी आणखी दोन जोड्या काढून पेटीला नेल्या. लाल ते लाल, काळी ते काळी. पेटीच्या पाठीवर एक छोटं बटण होतं. एका बाजूला शून्य लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला एकशे ऐंशी. कशाचे शून्य आणि कशाचे एकशे ऐंशी, ते मला ठाऊक नव्हतं. व्याही घरात आलेले असताना शून्यावर ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी ते एकशे ऐंशीवर सरकवलं.

कॅसेट लावली. टाळ स्वच्छ. वडिलांचा आवाज तर इतका स्वच्छ की त्यांनी स्वतःच मान डोलावली. डावा हात मात्र कुठेच नाही. सासरे खुर्चीत पुढे सरकून बसले होते, ते हळूहळू मागे टेकले. वडील पंख्याकडे बघत राहिले.

मी पेटीवर हात ठेवला. ती धडधडत होती. मग आवाज जातोय कुठे?

"जावईबुवा," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "हिथं डबे नाचतायत."

आत गेलो. वालाच्या डब्याचं झाकण ठेक्यावर थरथरत होतं आणि डावा हात अगदी भरून वाजत होता. बाहेर आलो, गायब. आत गेलो, हजर. मी भिंतीला कान लावला, जमिनीला लावला, रांगत रांगत माजघर पार केलं.

"ह्याला कधीपासून असं व्हतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"पेणात असताना चांगला होता," वडील म्हणाले.

स्पीकरच्या आणि पेटीच्या जाळ्या काढून मी आतले पडदे निरखले. पखवाजाच्या थापेसरशी स्पीकरचा पडदा बाहेर येई, नेमका तेव्हा पेटीतला आत जाई. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय, आणि व्याह्यांच्या खुर्च्यांपाशी दोघांची फिटंफाट. स्वयंपाकघरापर्यंत पोचताना तो हिशेब बिघडत होता, म्हणून डबे नाचत होते. मी बटण शून्यावर सरकवलं.

धुम्म.

सासऱ्यांच्या पायाचा अंगठा आधी हलला. मग डावा हात मांडीवर पडायला लागला, थापेला थाप. वडिलांनी पंखा सोडून पेटीकडे पाहिलं. "हाय," ते म्हणाले. "हात हाय." एवढंच.

पण तिसऱ्या अभंगात, ऐन रंगात, घुमारा पुन्हा नाहीसा झाला. उजवा हात एकटाच टिकटिकत होता. मी बटणावर झडप घातली. बटण शून्यावरच होतं. वडील पुढे झुकले. तेवढ्यात कॅसेटमध्ये टाळांच्या आडून बशी किणकिणली.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "तो चहा मी दिला व्हता," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या डाव्या हातात."

"म्हणजे मी म्हणत होतो ते..." वडील सुरू झाले.

"आणि चहा आणा म्हणून खूण तुम्हीच केली व्हती, व्याहीबुवा. गाता गाता. असं, भुवया उडवून."

कॅसेटमध्ये वडील डोळे मिटून आळवत असावेत अशा सुरात गात होते. खुर्चीतल्या वडिलांनी घसा साफ केला.

"सप्त्याला चहा आरती झाल्यावर," ते सासऱ्यांना म्हणाले. "तुम्ही आदल्या दिवशीच या."

"आणि कणीक?" सासूबाईंनी विचारलं.

"कणीक तुमच्याच हातची."

"मंग मलाबी यावं लागंल," असं म्हणून त्या आत वळल्या. सासऱ्यांनी मला कॅसेट मागे फिरवायला सांगितली, आणि पुन्हा आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला.