रूपालीच्या नक्ष्या

हे मी आजवर कुनालाच सांगितलं न्हाय. त्या दिवशी खोलीत तिघंच व्हतो — मी, कॉम्प्युटर दुरुस्त करनारा रफीक, आन् खाटेवर आमचे मालक. लकव्यानं त्यांची वाचा गेलती. आमची दोघांची नात रूपाली पेनड्राइव्ह आनायला गेलती. जाताना म्हनली, "आजी, रफीकभाई आले तर मी येईस्तवर थांबव. माज्या नक्ष्या हायत त्यात."

नक्ष्या म्हंजे चादरीच्या — मोर, वेली. दोन वर्सं बसून काडल्याल्या. त्या बगून पुन्यात तिला काम देनार व्हते, बोलावनं चार दिवसांवर आलं व्हतं. लई खुशीत व्हती पोरगी. आन् मी? ती गेली तर मालकांची कूस बदलायला दुसरा हात कुनाचा — डोक्यात येवडंच.

कॉम्प्युटर सारका अडकायचा, तो पुसून नीट करायला रफीक आला. म्हनला, "अम्मा, पोरीनं तिचं सगळं काडून घेतलं का? जुन्या डिस्कमदनं पुसलेलं कदी कदी परत निघायचं. ह्या नव्या डिस्कमदनं न्हाय. फॉरमॅट मारला की मोकळी झालेली जागाबी ही झाडून टाकती. मागनं रडू नका हां!"

कळलं की मला. जल्म मागाच्या सुताच्या कांड्या भरन्यात गेला, म्हनून येवडंबी कळत न्हाय व्हय?

"घेतलंय तिनं," म्हनले. "पूस."

मालकांनी माज्याकडं बगितलं. मग तोंड भितीकडं केलं.

रूपाली आली तवर झालं व्हतं. मी म्हनले — त्यानं इचारलंच न्हाय बाई, मी अडानी, मला काय कळतंय. ती तशीच त्याच्या दुकानात गेली. त्यानं खरं तेच सांगितलं, अम्माला इचारून पुसलं. आमच्या इथल्या शुक्रवार पेठेत चार मानसांदेखत बोलली, "चूक तुमची, आन् माज्या आजीवर ढकलता व्हय?" तो परत आमच्या गल्लीत कदी आला न्हाय. घरी येऊन तिनं माजे डोळे पुसले — माजे!

दाखवायला काय न्हवतं, म्हनून पुन्याला गेलीच न्हाय. मालक गेले तवर त्यांचं सगळं तिनंच केलं. मग करमाळ्याला दिली. तितं ती नक्षी काडत न्हाय. का, ते इचारायला माजी जीभ उचलत न्हाय.

तिला अजून वाटतंय, रफीकनं केलं. त्यानं न्हाय. मी केलं.

ज्याच्या हातात मी लिवल्याला हा कागद पडंल त्यानं तो तिला द्यावा. रफीकलाबी वाचून दाखवावा. माज्या बाजूनं काय बोलू नका.