कल्लप्पाच्या पोटातली सालपूड

माजा धाकटा भाऊ कल्लप्पा. चाळीस वर्सं त्येनं डाळिंबाची बाग राखली. गावात कुनाला हगवन लागली की लोक त्येच्याच दारात. डाळिंबाची वाळलेली साल कुटून तो चिमूटभर द्यायचा आन दम भरायचा, "एवडीच घे. जादा घेतलीस तर चार दिस पोट बांधून बसशील."

त्यो कल्लप्पा आता इसरतो. पोराकडं, शिवूकडं ऱ्हातो, जुळे सोलापुरात. डाक्टरच्या गोळ्यांवर बरा चालला हुता की. हातानं जेवायचा, मला वळकायचा.

मागच्या शुक्रवारी शिवूचा फोन. "आत्ती, अप्पा लई अंगावर येतायत. ताट भिरकावलं, माज्या बायकूला ढकललं. आश्रमात ठेवतो. सोमवारी गाडी येनार हाय."

मी तशीच यष्टीत बसले. जाऊन बघते तर पोट नगाऱ्यावानी फुगलेलं, तोंड वाळलेलं. इचारलं, "ह्यो परसाकडं कवा गेलावता?" नवराबायकू एकमेकाच्या तोंडाकडं बघाय लागली. काव्या, पोरी, माजं बोलनं लिवून घेतीयास न्हवं, मंग हे असंच लिही, लाजून गाळू नगंस.

मंग मला कपाटावरची बरनी दिसली. शिवू म्हनला, "डाळिंबाच्या सालीची पावडर हाय. मोबाईलवर वाचलं, हिच्यात मेंदूला राखनारं सत्त्व असतंय. दिवसाला तीन चमचे देतो. नॅचरल हाय, म्हनून गोळ्या बंद केल्या."

"तीन चमचे? अरं मुडद्या, तुज्या बापानं जलमभर चिमटीच्या वर कुनाला दिली न्हाय! त्येचं पोट तू बांधलंस, आन वरनं त्येलाच येडा म्हनून घालवतोस?"

तवाच डाक्टरकडं नेलं. ते म्हनले, "आजी, फळातल्या सत्त्वावर अभ्यास चाललाय, पण बराचसा उंदरांवर. डाळिंब खुशाल खाऊ द्या. पावडर बंद. गोळी मला न विचारता थांबवायची नाही. पोट तटलं की म्हाताऱ्या माणसाचं डोकं जास्तच फिरतं."

"ऐकलंस शिवू? माजा भाऊ उंदीर हाय व्हय रं?"

पोट मोकळं झालं आन दुसऱ्या दिशी कल्लप्पा गुमान भाकरी खाऊ लागला. इसरनं काय जायचं न्हाय, मलाबी ठावं हाय. पन बापाजवळ बसून "अप्पा, कुटं दुकतंय?" एवडं इचारायला कुटलं शिक्षान लागतंय?

सोमवारी गाडी आली. मीच दारात गेले. "रिकामीच ने बाबा."

शिवू मागनं म्हनला, "आत्ती, चुकलं. चा तरी घे."

"आदी त्येची गोळी दे. माज्या डोळ्याम्होरं."