फांद्यांच्या ढिगापर्यंतची वाट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रह्मपुरीत आम्हा चार-पाच रिकामटेकड्यांना जंगलातल्या पायवाटांचा नकाशा करायचा नाद लागला. पगार नाही, कुणी सांगितलेलंही नाही. रविवार आला की होकायंत्र घेऊन निघायचं. भांडण एकच: जी वाट कुणाच्या कामाची दिसत नाही, ती नकाशावर काढायची की गाळायची? मी गाळणाऱ्यांतला. आमचं चपलांचं दुकान; जे झिजत नाही ते वापरात नाही, इतकं साधं माझं गणित.

एका हिवाळ्यात अशीच एक वाट समोर आली. गवत गुडघाभर. दोन्ही टोकांच्या गावांत विचारलं, "ह्या वाटेनं पल्याडच्या गावाले कोनी जाते का?" दोन्हीकडे एकच उत्तर: "कोनीच नाई." मी खुशाल खोडरबर काढला.

तेवढ्यात एक म्हातारी बाई काठी टेकत त्याच वाटेला लागली. पल्याडच्या गावात दिलेल्या बहिणीला भेटायला निघाली होती.

"आमी दोघी अर्ध्यातच भेटतो, भाऊ. पुरं चालनं आता होत नाई. औंदा मी तापानं पडली, लय दिस गेलीच नाई. ती तं माह्याहून मोठी. हाये का गेली, कोनाले मालूम?"

मी खोडरबर खिशात टाकला. आम्ही तिच्यामागे निघालो.

अर्ध्या वाटेवर फांद्यांचा ढीग होता. येणारा-जाणारा एक डहाळी टाकून पुढे जातो, ही इकडची रीत मला ठाऊक होती. पण हा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेला, आणि तळाच्या लाकडांची माती झालेली! किती पिढ्यांचे हात त्याला लागले असतील! मी चपला काढून उभा राहिलो.

तिथे कुणीच नव्हतं. बाई ढिगावर चाचपडू लागली. कडेची एक डहाळी तिच्या हाताला लागली, ती तिने डोळ्यांजवळ नेली. पानं अजून टवटवीत होती.

"आलती वो माय! आजच आलती. आमा दोघींबिगर इथं येते कोन?" ती मटकन खाली बसली. हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

एका मित्राने नकाशा उघडून हळूच विचारलं, "कमी वापराची तुटक रेघ मारू?"

"अखंड मार," मी म्हणालो.

बाईने सोबत आणलेली डहाळी बहिणीच्या डहाळीवर ठेवली आणि तळव्याने दाबून बसवली.

"आता तिले समजन," ती म्हणाली, "मीबी जिती हावो."