पाय कधी उचलायचा

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी अयोध्या नगरात मोटार शिकवायला लागलो. नवख्यांना मी पहिल्याच दिवशी दम देतो, पेट्रोल पायाने नाही, डोळ्यांनी वाचतं. लांब बघायचं. सिग्नल लाल दिसला की तिथूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, गाडी आपोआप मंदावते. जवळ जाऊन कचकन ब्रेक मारणारा माणूस मला मुळीच आवडत नाही.

म्हणून शिकणाऱ्याने दिसेल ते मोठ्याने बोलायचं, असा माझा नियम. लोक पद्धतीचं कौतुक करायचे. पण वर्षभरापासून मला लांबचं धूसर दिसतं. डोळ्याचा पडदा गेलाय, इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी कळू दिलं नाही. शिकवणं सुटलं तर दिवसभर करू काय? मुलांचं बोलणं ऐकायचं आणि त्यावर शिकवायचं, असं चाललं होतं. चूक होती, मला कळत होतं.

नागपूरहून बदलून आलेली एक मुलगी मिसरोदला राहते. पंधरा दिवसांत तयार झाली. काल मंडीदीपकडे निघालो, तर गप्प.

"बोल की!"

"काका, आता आपोआप दिसतं. मनातच बोलते ना."

शाबासकी द्यायला हवी होती. मला घाम फुटला. तेवढ्यात समोर काहीतरी काळं आडवं आलं आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. मागून हॉर्नचा कल्लोळ. एक मोटारसायकल आम्हाला घासता घासता वाचली, चालवणारा शिव्या देत गेला.

"काय झालं काका? रस्ता तर खाली होता."

"कुत्रं होतं."

झाडाची सावली होती. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

परतताना तिने हळूच विचारलं, "मला सोडल्यावर गाडी घरी कोण नेतं?"

"मीच."

मिसरोदचं वळण आलं. ती वळली नाही, सरळ शहराकडे निघाली.

"तुम्हाला घरी सोडते. मी ऑटोने येईन."

आयुष्यभर मी कुणाचं ऐकलं नाही. काल मात्र नको म्हणायला मला तोंड नव्हतं.