मशीनला लावलेली तीट

"ए, शिडी धर."

मलाच म्हणाले. खोलीत दुसरं होतंच कोण. मी, आणि पलंगावर माझी रुबीना, सात महिन्यांची, झोपलेली.

आत्ता थोड्या वेळापूर्वी कंपनीचे हेच साहेब मला ताई म्हणत होते. ताई, बाळाला घेऊन पलंगावर बसा. ताई, घाबरू नका, काही विचारलं तर नुसती मान हलवा. मी मान हलवली. सरकारी माणूस दारातूनच बघून गेला, बाई माणूस आत आहे म्हणून त्याने उंबरठा पण ओलांडला नाही. त्याची गाडी फाटकाबाहेर गेली, धूळ खाली बसली नव्हती अजून, आणि मी ए झाले.

मी शिडी धरली. फिटर वर चढला, त्याने वायर सोडवली, थंड हवेचं मशीन गप्प झालं. दुसरा माणूस भिंतीच्या मागून ढकलत होता. मला वाटलं काही बिघडलं असेल, दुरुस्त करतील, परत लावतील. मशीन बाहेर आलं आणि भिंतीत चौकोनी भोक राहिलं, त्यातून मला मागचं अंगण दिसलं आणि उन्हाची झळ सरळ माझ्या तोंडावर आली. जून महिना होता. रुबीना दचकली, उठली, रडायला लागली.

मी विचारलं, साहेब, परत कधी लावणार?

ते म्हणाले, "हे तुझ्यासाठी नव्हतं गं. दाखवायला होतं. भोकाला पुठ्ठा लाव."

आणि हसले. मराठीत हसले. म्हणजे कसं सांगू, आपल्या माणसासारखे हसले.

मी सातवी नापास. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं गाव आमचं, निकाह झाला आणि वर्षाच्या आत अमिरातीत, अल ऐनला आले. रुबीनाचे अब्बा तिथे एका म्हाताऱ्या अरब बाईचे ड्रायव्हर. तिला सगळे मामा म्हणायचे, म्हणजे आई. मला आधी हसू यायचं, आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. मामाच्या व्हिलाच्या मागे आमची खोली, वर पत्रा, आत एक टेबल फॅन. फॅन गरम हवा इकडून तिकडे करायचा, एवढंच. व्हिलाच्या सगळ्या मशिनांची पाठ आमच्याकडे. आत त्यांना थंड, आणि आतली सगळी गरमी बाहेर आमच्या अंगणात फेकायची. रात्री सुद्धा. दोरीवरचे कपडे त्या हवेत कडक व्हायचे.

मग सरकारची मदत निघाली. मामासारख्या विधवा बायकांच्या घरात सरकार नवीन गरम-थंड मशीन बसवून देणार, उन्हाळ्यात थंड, थंडीत गरम, खर्च सरकारचा, काम कंपनीचं. आणि ज्या ज्या खोलीत माणूस राहतो त्या खोलीत एक, असा नियम. हिचे अब्बा हे ऐकून धावत आले. म्हणाले, आपल्याला पण मिळणार, आपण पण माणूस आहोत ना. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो होतो. नंतर ते वाक्य मला किती टोचलं.

कंपनीचे साहेब मराठी निघाले. घाटावरचे. दुबईहून गाडीने यायचे, मुलं तिथेच ऊद मेथा भागात शाळेत होती. मला इतका आनंद झाला. त्या सगळ्या वस्तीत माझ्याशी मराठी बोलणारं नवऱ्याशिवाय कोणी नव्हतं. मी त्यांना सांदणं करून खायला घातली, नारळाच्या दुधात. चार खाल्ली. म्हणाले, वा ताई, घरची आठवण आली. फिटरने भिंत कापली तेव्हा सिमेंटची सगळी पूड रुबीनाच्या कपड्यांवर पडली, तरी मी झाडू घेऊन उभी राहिले. मशीन बसलं. सुरू झालं. मी त्याच्यासमोर हात धरला. गार. खरोखर गार. रुबीना थोड्या वेळात झोपली, अंगावरच्या घामोळ्यांना हात न लावता झोपली, जन्मल्यापासून पहिल्यांदा.

मला भीती वाटली. एवढं चांगलं आपल्या घरात आलं की मला भीती वाटते. मी वाटीतलं काजळ बोटावर घेतलं, आधी रुबीनाच्या कपाळाला तीट लावली, मग स्टुलावर चढून मशीनला पण लावली. खाली कोपऱ्यात. नजर लागू नये म्हणून. पांढऱ्या प्लॅस्टिकवर माझ्या बोटाचा काळा ठसा उमटला.

नजर लागायचा प्रश्नच नव्हता. ते कधी आमचं नव्हतंच.

पुढचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. भोकाला पुठ्ठा लावला, वाऱ्याने उडाला. खोक्याची फळी लावली, उशी कोंबली, फटीतून वाळू यायचीच, दुधात वाळू, डोळ्यात वाळू. आधी निदान भिंत होती, आता ती पण नव्हती. मामा मुलाबरोबर परदेशात इलाजाला गेली होती. व्हिला बंद. आणि बंद व्हिलात मशिनं चालू, फर्निचर खराब होऊ नये म्हणून. रिकाम्या खोल्या थंड करायच्या, आणि त्यांची गरम हवा आमच्या भोकातून आत. मी हिच्या अब्बांना म्हटलं, चावी तुमच्याकडे आहे, दुपारी नुसतं स्वयंपाकघरात बसू द्या, फरशीवर बसेन, कशाला हात लावणार नाही. ते म्हणाले, मुलगा आत कोणाला जाऊ देऊ नको म्हणालाय, कळलं तर व्हिसा कॅन्सल, खलास. मी रडले. ते पण रडले, पण चावी दिली नाही.

ते साहेबांना फोन करायचे. साहेब म्हणायचे, होईल, इन्शाल्ला.

रुबीनाच्या डोक्यावर फोड आले. मग ताप. मी ओला कपडा घालायचे, तो लगेच वाळायचा. एका दुपारी मी तिला पाजत होते आणि तिने दूध सोडलं, डोळे वर गेले, हातपाय ताठ, दातखिळी, तोंडातून फेस. आकडी. मी तिला घेऊन अनवाणी पळाले, फाटकाबाहेर, डांबरावर, पाय भाजतायत ते पण कळेना, मी नुसती ओरडत होते, काय ओरडत होते ते पण आठवत नाही. एका टॅक्सीवाल्याने हॉस्पिटलला नेलं. तिथली नर्स हिंदीत म्हणाली, बच्चे को ठंडी जगह में रखो, समझती नहीं क्या? कैसी माँ है?

कैसी माँ.

पोर वाचली. पण परत त्याच खोलीत आणली. दुसरी कुठली आणू.

शेजारच्या व्हिलात, ती पण एका विधवेचीच, सेल्वी म्हणून स्वयंपाकीण होती, तिची पण अशीच मागे खोली. तिनेच बोलावलं, म्हणाली, मेरे रूम में मशीन आया, बेबी को लेके आओ, जल्दी आओ. मी गेले. आत पाय टाकला आणि गार वाटलं, मी डोळे मिटले. उघडले तर समोर मशीन. खाली कोपऱ्यात काळा ठसा.

मी जवळ गेले. बोट लावून बघितलं. माझंच बोट.

सेल्वीला वाटलं मला चक्कर आली. मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी तिच्या पण खोलीतून काढलं. तिच्या पण भिंतीला भोक. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. एकच मशीन. सरकारी माणूस जिथे जाईल तिथे त्याच्या पुढे पुढे जाणारं एकच मशीन, सगळ्या नोकरांच्या खोल्यांत. सरकारने आमच्या नावावर किती दिली असतील, ती कुठे गेली, मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की नियमात आम्ही माणूस होतो. सरकारने आम्हाला माणसात धरलं होतं, आणि ज्याने माझी सांदणं खाल्ली त्याने आम्हाला त्यातून काढलं.

मामा परत आली. आठवड्याने निरोप आला, सरकारी माणूस शेवटची तपासणी करायला येणार. सकाळीच साहेब हजर. मशीन घेऊन.

"ताई," म्हणाले, "कसं आहे बाळ?"

फिटरने उशी काढून फेकली, मशीन ढकललं. ठसा तसाच होता, थोडा पुसट. साहेब मला शिकवत होते, कोणी काही विचारलं तर म्हणायचं चालू आहे, पहिल्या दिवसापासून चालू आहे. हिचे अब्बा मान खाली घालून उभे. मला हळूच म्हणाले, आज गप्प बस, तुझ्या पाया पडतो.

खोटं कशाला सांगू, मी भ्याले होते.

सरकारी माणूस आला, अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, तसाच दारात थांबला. मामा काठी टेकत आली, बाहेर खुर्चीवर बसली. साहेब इंग्लिशमध्ये हसून हसून बोलत होते. त्याने मशीन बघितलं, मान हलवली, वळला. तो वळला आणि मला त्याची पाठ दिसली, आणि मला वाटलं, हा गेला की शिडी येणार.

मी रुबीनाला घेऊन उंबरठ्यात आले. मला अरबी येत नाही. कामापुरते चार शब्द. मशीनकडे हात केला आणि म्हटलं, "अव्वल इजी. बादेन रूह." आधी येतं. मग जातं.

तो थांबला. साहेबांनी झटकन मध्ये काहीतरी सांगितलं, बाई वेडी आहे असंच असणार, हाताने तसंच दाखवलं. हिचे अब्बा म्हणाले, आत जा. मी गेले नाही. मी रुबीनाची टोपी काढली, डोक्यावरचे फोड दाखवले. कपाळावरची तीट दाखवली, मग मशीनवरची. मग भिंतीपलीकडे सेल्वीच्या खोलीकडे बोट केलं. हादा, म्हटलं, हिनाक. हेच, तिकडे. परत परत तेच म्हणत राहिले, कारण दुसरे शब्दच नव्हते माझ्याकडे.

साहेब माझ्याजवळ आले. आवाज एकदम खाली. "आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देतेस? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "माझं माणूस इथे माझ्या कडेवर आहे."

सरकारी माणसाने मामाला काहीतरी विचारलं. मामाने रुबीनाकडे बघितलं आणि ती काठी टेकून उठली. मग दोघं सेल्वीच्या व्हिलाकडे गेले, आणि साहेब त्यांच्या मागे, फोन कानाला लावून.

मशीन त्या दिवशी कोणी काढलं नाही.

पण हे गोष्टीसारखं संपलं नाही. मामाच्या मुलाला घरात बोभाटा नको होता. महिना भरला आणि हिच्या अब्बांचा व्हिसा कॅन्सल. त्या थंड खोलीत मी जेमतेम तेवढेच दिवस झोपले. कंपनी तीच राहिली, फक्त साहेब बदलला, असं सेल्वीने नंतर कोणाकडून तरी कळवलं. तिच्या खोलीत मशीन आलं की नाही, ते तिने सांगितलं नाही. गावी आल्यावर हिचे अब्बा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरातली माणसं म्हणाली, गप्प बसली असती तर नोकरी टिकली असती. रुबीना आता शाळेत जाते. ताप चढला की अजून आकडी येते. मी रात्रभर तिच्या दातांत चमचा धरून बसते.

माझी भीती गेली असं कोणाला वाटत असेल तर ती गेलेली नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पंचायतीत, कुठेही कोणी गोड आवाजात ताई म्हटलं की मी आधी त्याच्या मागे बघते, शिडी कुठे ठेवलीय. आणि भीत भीतच विचारते, हे राहणार की दाखवायला आहे? सगळ्यांसमोर विचारते. मोठ्याने विचारते. लोक हसतात, हसू देत.

माझ्या पोरीच्या डोक्यावरचं काढून न्यायचं असेल तर ज्याने त्याने एकट्याने चढावं, पडलं तर पडावं. शिडी मी धरणार नाही.