लहानूभाऊंचे मुडदे

ब्रह्मपुरीच्या बाजारात लहानूभाऊंना धड वांगी मिळायची मारामार. भाजीवाली तोंडावर म्हणायची, "परवा बापाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, अन् आज वांगे मांगते? लाज नाई वाटत?" लहानूभाऊ मान खाली घालून उभे राहायचे, पण आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. खलनायकाला याहून मोठं बक्षीस कोणतं हो! दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली, की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. एरवी धानाच्या बांधीत वाकलेला हा किडकिडीत माणूस स्टेजवर चढला, की बायका लेकरांना पदराखाली घेतात. बापाला मार, भावाला मार, सगळी हयात याच उद्योगात गेली. आणि घरी कोंबडी कापायची म्हटली, की गडी हळूच परसदारातून पसार.

नात दिव्यानी लहान असताना तिनं पहिल्यांदा आपल्या आबाजींना स्टेजवर खून करताना पाहिलं आणि पोरीला तापच भरला. आबाजी जवळ आले, की किंचाळायची. लहानूभाऊंना घास गोड लागेना. पुढच्या नाटकाला त्यांनी तिला उचललं आणि सरळ पडद्यामागं नेलं. तिथं गोपाल बसला होता. आत्ताच आबाजींनी मारलेला हा गोपाल रक्त म्हणून अंगभर आलता माखून चहात पाव बुडवत होता. "पाह्य, उठला का नाई?" आबाजी म्हणाले. पोरगी आधी बघतच राहिली, मग खुदकन हसली.

तिची भीती गेली ती गेलीच. स्टेजवर मुडदा पडला, की ती शेजारच्या बायकांना धीर द्यायची, "रडू नका, उठते तो. मांगं जाऊन चहा पेते." बायका हसायच्या. नात किती धीट निघाली, हे लहानूभाऊ गावभर सांगत फिरायचे.

यंदा दिव्यानी तिसरीत गेली. एका दुपारी लहानूभाऊ शेतातून आले, तर पोरगी आईचा मोबाइल घेऊन ओसरीवर बसलेली. ते मागून डोकावले. कुठला तरी रस्ता होता. चार-पाच जण एका माणसाला काठ्यांनी मारत होते, आणि जो कोणी ते टिपत होता, तो हसत होता. माणूस पडला आणि व्हिडिओ संपला. दिव्यानीनं तो परत लावला. संपल्यावर पुन्हा लावला. ना ती भ्यायली होती, ना हसत होती. गुडघ्यावर हनुवटी टेकून, एसटीची वाट पाहावी तशी वाट पाहत होती.

"काय पाहून राह्यली, माय?"

"आबाजी, हा उठतच नाई. उठाच्या आधीच बंद होते."

उभ्या जन्मात त्यांनी माणसं पाडली होती. नट पडतो तेव्हा आधी हात टेकतो, डोकं वाचवतो. या माणसानं डोकं वाचवलं नव्हतं. पोरीला पडद्यामागं नेताना आपण काय करून बसलो, ते त्यांना आत्ता कळलं. जगात जो जो मार खाईल तो उठतोच, अशी तिची पक्की खात्री त्यांनीच करून दिली होती.

चुलीपुढून सून साधना म्हणाली, "सांगा ना मामाजी, उठला म्हणून. लेकरू हाय."

खोटं सांगणं सोपं होतं. पण मग ही पोर जन्मभर माणसं मरताना बघेल आणि नुसती वाट पाहत बसेल. खरं सांगावं, तर ती पुन्हा आपल्याला पाहून किंचाळेल. लहानूभाऊंचा जीव कात्रीत सापडला. शेवटी ते तिच्याजवळ बसले.

"हा नाई उठला, माय. याले खरंच लागलं."

"काऊन मारलं मंग?"

लहानूभाऊंनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढं केला. पोरीनं मोबाइल पालथा ठेवला आणि आत जाऊन आईला चिकटून बसली. त्या दिवसापासून ती आबाजींच्या ताटात जेवेना, की त्यांच्याशी बोलेना. लहानूभाऊंनी कुणाला दाखवलं नाही, पण ते आतून पार खचले.

मग एका दुपारी समाजमंदिरात तालीम होती. पोरंबाळं दाराशी जमली, त्यात दिव्यानीही होती. लहानूभाऊंनी लाकडी कुऱ्हाड उगारली, गोपाल नेहमीसारखा कोसळला. तेवढ्यात ही पोर दारातून सरळ आत आली. पेटीवाल्याचा हात थांबला. ती गोपालपाशी उकिडवी बसली आणि तिनं त्याच्या नाकाखाली तळहात धरला.

कोणी हसलं नाही. मेल्यावरही थट्टा करणारा गोपाल, पण त्यानं डोळे उघडले नाहीत, नुसता मोठ्यानं श्वास घेत राहिला. पोरीनं हात काढला नाही. मैदानंच्या मैदानं रडवली होती लहानूभाऊंनी, पण त्यांच्या मुडद्याचा श्वास बघायला आजवर कोणी उठून आलं नव्हतं.

"लागलं काय, काका?"

"नाई लागलं, माय," गोपाल डोळे मिटूनच म्हणाला.

मग तिनं मान वर केली आणि इतक्या दिवसांनी आजोबांशी पहिल्यांदा बोलली. "आबाजी, हळू मारा."

पुढचं वाक्य लहानूभाऊंचंच होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांनी लाकडी कुऱ्हाड हळूच खाली ठेवली.